पुरुषमृगाचं कार्ड

पुरुषमृगाचं कार्ड कधी उजळूच नये, अशा बेतानं ते बनवलं होतं. कंपनीच्या लोकांनी तसं छापलं नव्हतं, पण हिशेब तोच होता. ऐंशी कार्डांचा संच, त्यातली चौसष्ट खऱ्या प्राण्यांची आणि सोळा पुराणातल्या प्राण्यांची. खऱ्यांमध्ये विंचू, घोणस, मण्यार, मगर, अस्वल, वाघ. पुराणातल्यांमध्ये शरभ, मकर, व्याल, गंडभेरुंड. आणि ऐंशीवं पुरुषमृग: धड वाघाचं, तोंड माणसाचं. देवळाच्या भिंतीवर असतो तसा.

कार्डाची गंमत अशी होती की ज्याचं चित्र, तो प्राणी जवळपास असला किंवा नुकताच येऊन गेला असला की चित्रातले डोळे उजळायचे. यात जादू नव्हती. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या अंगातून सतत काही ना काही झडत असतं. केस, कातडीचा कोंडा, थुंकीचे बारीक थेंब. ते हवेत तरंगतात, धुळीत मिसळतात, आणि त्यातल्या प्रत्येक कणात त्या प्राण्याची डीएनएची लांबलचक खूण असते. कार्डाच्या कागदात एक रसायन भरलेलं होतं. ते हवेतल्या कणांमधून फक्त एकच खूण शोधायचं. ती सापडली की कात्रीसारखं तिला कापायचं, आणि त्या कापण्यातून रंग सुटायचा. धरणाऱ्याची स्वतःची खूण कार्ड सोडून द्यायचं. कार्डाच्या पोटात या रसायनाच्या शंभर बारीक खिडक्या होत्या. एक वापरली गेली की दुसरी उघडायची.

पुराणातल्या प्राण्यांसाठी दोन किंवा तीन खुणा एकत्र लागायच्या. मकराला मगर, हत्ती आणि मासा. पुरुषमृगाला वाघ आणि माणूस, तेही दोन्ही भरपूर आणि जवळपास सारख्या प्रमाणात. जंगलात वाघाची खूण भरपूर असली तर माणसाची कमी, प्राणिसंग्रहालयात माणसाची असली तर वाघाची कमी. म्हणून पहिल्यांदा ते उजळवणाऱ्या मुलाला कंपनीनं सायकल जाहीर केली होती. सायकल द्यावी लागणार नाही अशी त्यांची खात्री होती.

ही कार्डं शहरातल्या मुलांसाठी होती. मुलांनी मोबाइल खाली ठेवून बाहेर पडावं, बागेत गोम शोधावी, गच्चीवर घुबड शोधावं. चंद्रपूरकडच्या जंगलात, पिपरटोल्यात, ती बाजाराच्या दिवशी बिस्किटांच्या टपरीवर पोचली, आणि तिथं त्यांचं दुसरंच काही झालं.

पिपरटोल्यातल्या बाया चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जातात. फुलं रात्री गळतात, आणि उजाडता उजाडता वेचली नाहीत तर हरणं, अस्वलं खाऊन टाकतात. वाकून वेचणारी बाई वाघाला मागून चार पायांचं जनावर वाटते. दर दोन-तीन वर्षांनी एखादी बाई जायची. उद्धव कन्नाकेची बायको गिरजा अशीच गेली, नाल्याकाठच्या मोहाखाली. तिची मुलगी जुई तेव्हा आठ वर्षांची होती. कार्डं गावात आली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

गावात वाघाचं कार्ड एकच निघालं. ते बयनाबाईच्या नातवाला मिळालं होतं. बयनाबाई म्हणजे गिरजाची थोरली बहीण. सगळ्या बायांच्या पुढं चालायची ती. तिनं नातवाकडून कार्ड मागून घेतलं, भोक पाडून दोरी ओवली आणि गळ्यात घातलं. त्या मोसमात दोनदा डोळे उजळले, दोनदा बाया परत फिरल्या. दोन्ही वेळा वनखात्याच्या माणसांना नंतर पंजांचे ठसे सापडले. पोरांचं खेळणं गावाची राखण करू लागलं.

पुढच्या होळीला नातू शिकायला चंद्रपूरच्या वसतिगृहात गेला. जाताना त्यानं जुईशी अदलाबदल केली. तिची मगर, दोन घोणशी आणि शरभ घेऊन त्यानं वाघ दिला. पहाटे कार्ड बयनाबाईनं न्यायचं, दिवसा ते जुईकडं राहायचं, असं ठरलं.

पहिल्याच गुरुवारी संध्याकाळी कार्ड उद्धवच्या घरात उजळलं.

जुई बाजारातून आली, कार्ड फळीवर ठेवलं, हात धुऊन वळली तर वाघाचे डोळे पिवळे. तिनं आरडाओरडा केला नाही. बापाला म्हणाली, "बा, हे पाह्य."

उद्धव ओसरीवर टोपली विणत होता. त्यानं बांबूच्या काड्या खाली ठेवल्या, कार्ड पाहिलं आणि पोरीला शेजारी पाठवलं. गावानं डबे वाजवले, शेकोट्या केल्या. सकाळी वनखात्याची दोन माणसं येऊन घराभोवती फिरली. पंजा नाही, केस नाही. कुत्रीही भुंकली नव्हती.

पुढच्या गुरुवारी तेच. त्यापुढच्याही.

"वाघ गुरुवारचा येते," दादाजी सिडाम पारावर म्हणाला. तो गावातला सर्वांत म्हातारा माणूस आणि सर्वांत रिकामा. "उपास सोडाले येत असन उद्धवच्या घरी. खिचडी-गिचडी करून ठेवत जा बाप्पा."

लोक हसले. उद्धवही थोडा हसला.

चौथ्या आठवड्यात जुईला बाजारातून घेतलेल्या कार्डांच्या पाकिटात पुरुषमृग मिळाला. तिनं तो फळीवर, वाघाच्या शेजारी ठेवला. फळीखाली पत्र्याची पेटी होती. रात्री जेवायला बसण्याआधी पुरुषमृगाचे डोळे उजळले, हिरवे. शाळेत मिळालेल्या मोबाइलला जुईनं कार्ड टेकवलं, तशी खबर कंपनीकडं गेली. मग ती गावभर पळत सुटली. ऐंशीवं कार्ड, महाराष्ट्रात कुणाचंच उजळलं नव्हतं.

पण गावानं ते वेगळ्या तऱ्हेनं घेतलं. वाघानं नेलेलं माणूस वाघासोबतच हिंडतं, त्याला आपल्या घराची वाट दाखवतं, असं जुनी माणसं सांगत आलेली. म्हणून तर अशा माणसाच्या अंगावरचं काही गावात आणायचं नाही, जिथं नेलं तिथंच वाघदेवाच्या दगडाखाली ठेवायचं, ही रीत. वाघ आणि माणूस, दोघं एका जागी, उद्धवच्या घरात. आता आणखी काय सांगायला पाहिजे?

दोन दिवसांत जुईकडं खेळायला येणारी मुलं यायची थांबली. बोलावलं की त्यांच्या आया दारातून म्हणायच्या, "अभ्यास करून राहिला तो." सुट्टी लागून आठवडा झाला होता.

मोहफुलाचा मोसम भरात होता. यंदा नाल्याकाठची झाडं सर्वांत जास्त गळत होती. पण तिथंही गेल्या दहा दिवसांत कार्ड दोनदा उजळलं होतं आणि बाया फिरल्या होत्या. फुलं हरणांनी खाल्ली. पंजे शोधायला गेलेल्यांना पाचोळ्यात काही दिसलं नाही. बायांमध्ये कुरबूर सुरू झाली. घरात उजळतं, तिथं वाघ नसतो. नाल्यावर उजळतं, तिथं तरी असतो कशावरून?

बुधवारी दुपारी बयनाबाई उद्धवच्या ओसरीवर आली. कार्ड गळ्यातून काढून तिनं त्याच्यासमोर ठेवलं.

"घे तुह्यं. बिघडलं हे."

"बिघडलं कायचं, बाई?"

"मंग तुह्या घरी कोन येते, तूच सांग." ती पुढं म्हणाली, "मी त्या बायांसारखं नाई बोलत. गिरजा माही बहीन होती. ते असं पोरीले भेवडावाले नाई येनार. कार्डच खोटं आहे. परवा शुक्रवारी आम्ही नाल्याकडं जातो, कार्डाबिगर. आधी काय कार्डं होते? हाका मारत जाऊ."

"गिरजाबी हाकाच मारत होती," उद्धव म्हणाला.

बयनाबाई उठली. "तुह्याजवळ दुसरं काही सांगाले असन तर सांग."

त्याच्याजवळ नव्हतं. निदान त्या वेळी त्याला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बयनाबाई जुईला घेऊन उद्धवच्या टोपल्या विकायला बाजाराला गेली. उद्धव बाजाराला कधी जात नसे. घर रिकामं झालं की तो दार लोटून घ्यायचा आणि पेटी उघडायचा. पेटीत सगळ्यांत खाली, पिठाच्या पिशवीत, गिरजाची साडी होती. ती गेली त्या दिवशीची. पूर्ण नाही, अर्धी. अर्धी त्यानं सगळ्यांसमोर दगडाखाली ठेवली होती. राहिलेली अर्धी त्यानं सदऱ्याखाली कमरेला गुंडाळून घरी आणली होती. ती तो बाहेर काढायचा, मांडीवर घेऊन थोडा वेळ बसायचा, परत ठेवायचा. रडायचा वगैरे नाही. दर गुरुवारी, तीन वर्षं.

त्या गुरुवारी साडी मांडीवर असतानाच मोबाइल वाजला.

"जुई कन्नाके यांच्या घरून बोलताय का? मी नेहल शिराळकर. कार्डांचं रसायन आमची टीम बघते. पहिल्यांदा अभिनंदन."

"ते बाजारात गेली. मी तिचा बाप."

"अहो, आम्ही चार दिवस झोपलो नाही. ते कार्ड उजळणं जवळजवळ अशक्य आहे. दोन्ही खुणा इतक्या सारख्या, आणि दोन्ही जुन्या. हवेतल्या नाहीत वाटत. हवेतल्या खुणा काही तासांत मोडतात. या कुठल्यातरी वस्तूवर वाळून राहिलेल्या असणार. बंद जागेत, अंधारात ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतात. तुमच्याकडं असं काही आहे का? जुनं वाघाचं कातडं वगैरे? घाबरू नका, मी कुणाला सांगत नाही."

"कातडं नाई."

"मग थुंकी असलेलं काही. थुंकीत सर्वांत जास्त खुणा असतात. थुंकी किंवा रक्त."

उद्धवनं मांडीवर पाहिलं.

"मॅडम, ते पेटीत असलं तर कार्डाले कसं कळते?"

"पेटी बंद असेल तर नाही कळणार. उघडली, वस्तू हलवली, की धूळ उडते. ती धूळ घरात बसेपर्यंत तीन-चार तास कार्ड उजळत राहील."

उद्धवनं फळीवरच्या दोन्ही कार्डांकडं पाहिलं. फोनवर ती हॅलो हॅलो करत राहिली.

"दुसरं वाघाचं कार्ड," तो म्हणाला, "ते जंगलात उजळते ते खरं असते?"

"मोकळ्या हवेत? तिथं खरंच. मोकळ्या हवेत जुनी खूण टिकतच नाही. उजळलं तर वाघ सहा तासांच्या आत तिथं होता, किंवा आहे." मग तिनं जपून विचारलं, "वस्तू काय आहे ते सांगाल का?"

"साडी आहे," उद्धव म्हणाला. "माह्या घरवालीची."

 ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं. माफ करा."

"तुमची काय चूक. हे घालवाचं असन तर?"

"ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, मग उन्हात वाळवा. खुणा तुटून जातात."

"दोघांच्याबी?"

"हो," ती म्हणाली. "रसायनाला फरक कळत नाही."

जुई पाच वाजता आली. आल्याबरोबर फळीकडं गेली. दोन्ही कार्डं उजळलेली होती. साडी पेटीत नव्हती, खाटेवर होती. तिनं आधी कार्डांकडं पाहिलं, मग साडीकडं, मग बापाकडं.

उद्धवनं तिला सगळं सांगितलं. त्याला घोळवून सांगता येत नव्हतं, म्हणून सरळ सांगितलं. ती आता अकरा वर्षांची होती.

"म्हनून तू बाजारात येत नाई," जुई म्हणाली.

"हाव."

"मले वाटे तुले गर्दी आवडत नाई."

"तेबी आहे."

ती खाटेपाशी गेली, पण साडीला हात लावला नाही. हिरव्या काठाची, पिवळी. मधोमध फाटलेली, आणि फाटल्या कडेला वाळलेला तपकिरी कडकपणा.

"मंग मी जिंकली नाई," ती म्हणाली. "ते तर आईमुळं झालं."

"उजळलं तर उजळलं. कंपनी सायकल देते म्हनते."

"नको मले."

"बरं."

बयनाबाईला ती मोठी माय म्हणायची. "मोठ्या मायले सांगितलं का तू?"

"नाई."

"ते उद्या नाल्यावर जाऊन राहिली. बाजारातून येताना म्हने, पहाटे चार वाजता निघतो."

"माहीत आहे."

"बा, नाल्यावर कार्ड खोटं नाई बोलत ना?"

"नाई."

"मंग बसला काऊन?"

संध्याकाळी पाचनंतर पिपरटोल्यातल्या सगळ्या बाया हापशीवर असतात. उद्धव पिशवी घेऊन तिथं गेला. जुई दोन्ही कार्डं घेऊन मागं होती. बाया बोलायच्या थांबल्या. उद्धव हापशीवर येत नसे, पाणी जुईच भरायची.

त्यानं कार्डं हापशीच्या ओट्यावर ठेवायला सांगितली. घरातल्या धुळीपासून लांब, मोकळ्या वाऱ्यात, ती हळूहळू विझली. पाऊण तास लागला. तेवढा वेळ कुणी घरी गेलं नाही. भरलेल्या घागरी खाली ठेवून बाया उभ्या राहिल्या. पाराकडून दादाजी सिडाम काठी टेकत आला आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

मग उद्धवनं पिशवी उघडून साडी बाहेर काढली आणि एकदा झटकली.

आधी वाघ उजळला, मग पुरुषमृग.

"माह्या घरी कोनी येत नाई," उद्धव म्हणाला. "हे होतं. मी उघडलं का हे उजळे. गुरुवारी मी उघडत होतो. कार्ड खरं आहे. नाल्यावर जनावर आहे. उद्या जाऊ नका."

कुणीतरी पदर तोंडाला लावला. दोघी-तिघी मागं सरकल्या. बयनाबाई पुढं आली. तिनं साडीचा काठ हातात घेतला, बोटांनी ताणून पाहिला. ती साडी तिनंच गिरजाला दिली होती, संक्रांतीला.

"तू म्हनला, दगडाखाली ठेवली."

"अर्धी ठेवली."

"माह्यासमोर हात जोडले दगडाले. माह्यासमोर म्हनला, बाई, सगळं ठेवलं."

"हाव. खोटं बोललो."

"तीन वर्षं." तिचा आवाज चढला नाही. "मी दर चैत्रात त्या दगडावर फुलं टाकते. अर्ध्या साडीले."

तिनं सगळी साडी त्याच्या हातातून काढून घेतली.

"रीत मोडली यानं," मागून एकजण म्हणाली. "गावात आनलं. आता हे उचलून दगडापाशी टाकून यावं लागन."

"कोन जाते?" बयनाबाईनं वळून विचारलं. "तो दगड नाल्यावर आहे. आताच सांगितलं ना यानं, जनावर तिथं आहे. तू जाते?"

ती बाई घागर उचलायला वाकली.

बयनाबाईनं साडी उद्धवच्या हातात परत दिली. ओट्यावरचं वाघाचं कार्ड उचललं, दोरी गळ्यात घातली आणि घागर काखेत घेतली.

"उद्या टेकडीवरच्या झाडाकडं जाऊ," ती सगळ्यांना म्हणाली. "फुलं थोडे आहेत, तेवढे बस्स." उद्धवला म्हणाली, "त्याचं काय कराचं ते तुह्या हातानं कर. मले नको सांगू."

शुक्रवारी पहाटे बाया टेकडीकडं निघाल्या. वाटेत नाल्याचं वळण लागतं. तिथं कार्ड उजळलं, तशा त्या लांबून वळसा घालून गेल्या. वाघ कुणाला दिसला नाही. त्यांनी वळसा घातला नसता तर काय झालं असतं, हे कधीच कुणाला कळणार नव्हतं. न घडलेल्या गोष्टीचा पंजा उमटत नाही. त्या दिवशी बारा बाया गेल्या आणि बारा परत आल्या, गावात नोंद झाली ती एवढीच.

त्याच सकाळी उद्धवनं ग्रामपंचायतीतून विहिरीत टाकायची पावडर मागून आणली. घमेल्यात पाणी घेतलं. जुई जवळ बसली होती.

"सगळं जाईन?"

"सगळं."

"आईचंबी?"

"हाव."

"मंग नको धुवू," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नाई, धू. नाई तर हे घरात उजळन अन् मोठी माय पुन्हा कार्ड काढून ठेवन."

उद्धवनं साडी पाण्यात सोडली. पाणी आधी पिवळट झालं, मग तपकिरी. वासानं डोळे चुरचुरले. अर्धा तास त्यानं मोबाइलवर मोजला, कारण मॅडमनं अर्धा तास सांगितला होता. मग साध्या पाण्यानं तीनदा खंगाळली. पिळताना एक टोक त्याच्याकडं होतं, दुसरं जुईकडं. दोघांनी दोन बाजूंना पीळ दिला आणि साडी दोरीवर टाकली. अंगणातल्या त्या दोरीवर तीन वर्षं सदरे आणि शाळेचे फ्रॉक तेवढे वाळले होते.

दुपारी ती वाळली. काठाचा हिरवा रंग फिका पडला होता, पण होता. जुईनं पुरुषमृगाचं कार्ड आणून साडीला टेकवलं. दोघं वाट पाहत उभे राहिले. चित्रातले डोळे काळेच राहिले. जुईनं कार्ड उलटं करून पाहिलं, पुन्हा टेकवलं. मग खाली बसून पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघा ओढत राहिली.

उन्हं उतरल्यावर बयनाबाई आली. अंगणाच्या कुडापाशी थांबली, कुणाला हाक मारली नाही. सरळ दोरीपाशी गेली. साडी काढून हुंगली. ब्लीचिंगचा वास होता, दुसरं काही नव्हतं. उद्धव ओसरीवरून पाहत होता. तिनं साडीची घडी घातली, फाटकी बाजू आत घेतली, पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली, या वेळी नीट.

"सुई आहे का घरात?" तिनं विचारलं.

"आहे."

"आन. फाटकी कड दुमडून देते. पोरीले पांघराले पुरते एवढी." ती ओसरीच्या कडेला बसली. "पहाटे अजून गार लागते."

उद्धव सुई आणायला आत गेला.